नाव मोकळे, मंत्र बंद : ‘सावित्री’ या नावाचा इतिहास

व्यक्तिनामांचा विचार बहुधा व्युत्पत्तीपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. बाळाच्या नावांची पुस्तके प्रत्येक नावापुढे एक-दोन शब्दांचा अर्थ देतात. ‘सावित्री’पुढे ‘सूर्यकन्या’, ‘गायत्री’ किंवा ‘पतिव्रता’ असे काहीतरी छापलेले असते, आणि ते चुकीचे नसले तरी हे नाव कोणत्या वादांमधून आजवर आले याचा त्यावरून काहीच पत्ता लागत नाही. मराठी समाजात हे नाव ब्राह्मणाच्या घरी ठेवले गेले तसे माळ्याच्या आणि मराठ्याच्या घरीही ठेवले गेले. त्याला जातीची आडकाठी आली नाही. मात्र ज्या ऋचेवरून हे नाव पडले ती ऋचा उच्चारण्याचा अधिकार त्या मुलीला, ती कोणत्याही जातीची असो, नव्हता. नाव मोकळे आणि मंत्र बंद, ही विसंगती ‘सावित्री’च्या इतिहासाच्या मुळाशी आहे, आणि ती ध्यानात घेतल्याशिवाय या नावाला एकोणिसाव्या शतकात आलेला नवा अर्थ किती मोठा होता हे समजत नाही.

‘सवितृ’ हे वेदांतील एका सौर देवतेचे नाव आहे. ‘सू’ म्हणजे चालना देणे, प्रवृत्त करणे या धातूपासून ते बनले असून सविता म्हणजे सर्वांना आपापल्या कामाला लावणारा, प्रेरक देव. सायणाचार्यांनी सविता आणि सूर्य यांत भेद केला आहे: उगवण्यापूर्वीचा तो सविता आणि उदयापासून अस्तापर्यंतचा तो सूर्य. या ‘सवितृ’ शब्दाला ‘त्याचे, त्यासंबंधीचे’ या अर्थाचा तद्धित प्रत्यय, म्हणजे नामापासून नवे नाम बनवणारा प्रत्यय, लागून ‘सावित्र’ आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘सावित्री’ सिद्ध होते. ‘सवित्याची’ एवढाच त्याचा मूळ अर्थ. मग ती सवित्याची कन्या असेल, सवित्याची शक्ती असेल किंवा सवित्याला उद्देशून म्हटलेली ऋचा असेल. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील ६२ व्या सूक्ताची दहावी ऋचा, जी आज सर्वत्र गायत्री मंत्र म्हणून ओळखली जाते, तिचे देवतेवरून पडलेले नाव ‘सावित्री’ हेच आहे. गायत्री हे तिच्या छंदाचे नाव. आठ अक्षरांचा एक असे तीन चरण असलेला, २४ अक्षरांचा तो छंद. पुढे छंदाचे नाव लोकांच्या तोंडी अधिक रुळले, तरी धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी ‘सावित्री’ हा शब्द सोडला नाही.

धर्मशास्त्रात सावित्रीला जे स्थान आहे ते केवळ एका प्रार्थनेचे नाही. मुंजीत, म्हणजे उपनयनात, आचार्य बटूला जी ऋचा देतो ती हीच, आणि त्या क्षणापासून त्याचा दुसरा जन्म झाला असे मानतात. मनुस्मृतीने या दुसऱ्या जन्माचे आईबापही सांगितले आहेत: पिता आचार्य आणि माता सावित्री. ब्राह्मणाला १६, क्षत्रियाला २२ आणि वैश्याला २४ वर्षांपर्यंत ही ऋचा मिळाली नाही तर तो ‘पतितसावित्रीक’, म्हणजे सावित्रीला मुकलेला, ठरे आणि व्रात्य म्हणून समाजाबाहेर गणला जाई. हा नियम ग्रंथांतच पडून राहिला असे कोणी समजू नये. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक होण्यापूर्वी शिवाजी महाराजांना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंज करून घ्यावी लागली. स्वपराक्रमाने राज्य उभे केलेल्या पुरुषालाही अभिषेकाच्या आधी या ऋचेच्या दारातून जावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापुरात शाहू महाराजांच्या बाबतीत उभा राहिलेला वेदोक्त-पुराणोक्ताचा वाद, म्हणजे धार्मिक कृत्ये वेदमंत्रांनी व्हावीत की पुराणातील श्लोकांनी, हाही अखेर याच अधिकाराचा वाद होता. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ही ऋचा सीमारेषेसारखी आखलेली होती आणि त्या रेषेच्या आत कोण, बाहेर कोण यावर पिढ्यांची प्रतिष्ठा अवलंबून होती.

या रेषेच्या बाहेर शूद्र होते आणि सर्व वर्णांच्या स्त्रिया होत्या. मनुस्मृतीच्या मते स्त्रियांचा वैदिक संस्कार म्हणजे विवाह, गुरुगृही राहणे म्हणजे पतीची सेवा आणि अग्निहोत्र म्हणजे घरकाम. जिला द्विजांची माता म्हटले ती ऋचा स्त्रीलिंगी, तिची देवता म्हणून कल्पिलेली मूर्ती स्त्रीची, पण प्रत्यक्ष स्त्रीला ती ऐकवायचीही नाही, हा प्रकार परंपरेच्या आतल्या लोकांनाही खटकला असावा, कारण जुन्या स्मृतिवचनांत त्याच्या उलट साक्ष सापडते. हारीताने स्त्रियांचे ब्रह्मवादिनी आणि सद्योवधू असे दोन वर्ग सांगून पहिल्या वर्गाला उपनयन आणि वेदाध्ययन दिले आहे. यमाच्या नावावर असलेल्या वचनात पूर्वीच्या काळी कुमारिकांचीही मुंज होई आणि त्यांना सावित्री शिकवली जाई असे म्हटले आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ही वचने नोंदवली आहेत. ‘पूर्वीच्या काळी’ या शब्दांत एक हक्क कधीतरी होता आणि नंतर काढून घेतला गेला याची कबुली आहे, आणि ती स्मृतिकारांनीच दिलेली असल्यामुळे तिचे मोल मोठे आहे.

असे असता ‘सावित्री’ हे मुलीचे नाव म्हणून कसे चालले? नावाच्या शास्त्रीय नियमांत ते अगदी चपखल बसते, हे एक कारण. गृह्यसूत्रे मुलीच्या नावात अक्षरे विषम संख्येने असावीत असे सांगतात. मनुस्मृती स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनाला आवडणारे, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे असे म्हणते. सा-वि-त्री: तीन अक्षरे, अखेरीस दीर्घ ईकार, अर्थ मंगल. तीच स्मृती नदी, वृक्ष, नक्षत्र यांची नावे असलेल्या मुलीशी विवाह करू नये असेही सांगते, पण गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, रोहिणी, तुळशी यांनी भरलेल्या मराठी घरांनी तो नियम कधीच मनावर घेतला नाही. यावरून एक गोष्ट दिसते की, नाव ठेवण्याच्या बाबतीत लोकांनी शास्त्राचे ऐकले ते त्यांना हवे तेवढेच. मंत्रावर पहारा ठेवता येत होता, पाळण्यावर ठेवता येत नव्हता.

ही नामपरंपरा मंत्रातून थेट आली नाही. ती कथेतून आली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विवाहसूक्तात सूर्या सावित्री, म्हणजे सवित्याची कन्या सूर्या, हिच्या सोमाशी झालेल्या विवाहाचे वर्णन आहे आणि परंपरेने त्या सूक्ताची द्रष्टी तिलाच मानले आहे. तिथे ‘सावित्री’ ही केवळ बापावरून पडलेली ओळख आहे. स्वतंत्र व्यक्तिनाम म्हणून हा शब्द घरोघर पोचवला तो महाभारताच्या वनपर्वातील उपाख्यानाने. द्रौपदीसारखी दुसरी पतिव्रता कधी झाली आहे काय, असे युधिष्ठिराने विचारल्यावर मार्कंडेय ऋषी त्याला मद्र देशाच्या अश्वपती राजाची गोष्ट सांगतात. निपुत्रिक अश्वपती अठरा वर्षे सावित्री मंत्राने आहुती देतो, देवी सावित्री प्रसन्न होते, तो पुत्र मागतो आणि त्याला कन्या मिळते. सावित्रीने दिलेली म्हणून तिचे नाव सावित्री. नावाचे कारण कथेनेच असे स्पष्ट सांगितल्यामुळे मंत्र, देवी आणि मुलगी यांची सांगड पक्की झाली.

या उपाख्यानातील सावित्री नीट वाचली तर ती व्रताच्या चित्रातल्या सावित्रीहून बरीच वेगळी दिसते. तिच्या तेजामुळे कोणी राजपुत्र तिला मागणी घालण्यास धजत नाही, तेव्हा पिता तिला स्वतःच वर शोधायला सांगतो आणि ती वृद्ध मंत्र्यांना घेऊन रथातून तीर्थे आणि तपोवने हिंडते. राज्य गमावलेल्या, आंधळ्या द्युमत्सेनाच्या वनवासी मुलाला, सत्यवानाला, ती निवडते. सत्यवानाचे आयुष्य एकच वर्ष उरले आहे असे नारद सांगतात, पिता दुसरा वर पाहा म्हणतो, आणि ती नकार देते. मृत्यूचा दिवस जवळ आल्यावर ती तीन रात्रींचे व्रत करते, पण यमाला थांबवते ते व्रताने नव्हे तर बोलण्याने. सत्पुरुषांची संगती, सात पावलांत होणारे सख्य, धर्माचे श्रेष्ठत्व यांविषयी ती एकामागून एक अशी वाक्ये बोलते की, मृत्यूचा देव प्रत्येक वेळी प्रसन्न होऊन वर देतो आणि अखेरीस आपल्याच दिलेल्या वरात अडकतो: सत्यवानापासून शंभर पुत्र होतील असे म्हटल्यावर सत्यवानाचे प्राण परत करण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. संपूर्ण भारतीय साहित्यात मृत्यूशी वाद घालून जिंकणाऱ्या दोनच व्यक्ती ठळकपणे आठवतात, कठोपनिषदातला नचिकेत आणि ही सावित्री. आणि त्यांपैकी वेदाध्ययनाचा अधिकार फक्त पहिल्याला होता.

तरीही या कथेला आधुनिक मुक्त स्त्रीची कथा म्हणून रंगवण्याचा मोह आवरायला हवा. महाभारताने या उपाख्यानाला पतिव्रतामाहात्म्य हेच नाव दिले आहे. सावित्री मागते ते वरही पाहावेत: सासऱ्याची दृष्टी, सासऱ्याचे राज्य, पित्याला शंभर पुत्र, पतीपासून शंभर पुत्र, शेवटी पतीचे प्राण. ज्ञान, आयुष्य किंवा अधिकार यांपैकी स्वतःसाठी तिने काहीही मागितलेले नाही. तिची बुद्धी अफाट आहे आणि त्या बुद्धीचे सारे फळ दुसऱ्यांच्या पदरात पडते. परंपरेने पुढे तिची बुद्धी बाजूला ठेवली आणि केवळ हे फळ उचलले, म्हणूनच नावाचा अर्थ अरुंद होत गेला.

ते अरुंद होणे वटसावित्रीच्या व्रतात स्पष्ट दिसते. महाभारतातील कथेत वडाला काही महत्त्व नाही. लाकडे फोडताना सत्यवानाचे डोके दुखू लागते आणि तो सावित्रीच्या मांडीवर डोके ठेवून निजतो, एवढेच तिथे आहे. वड आला तो पुराणांतील व्रतकथांमधून. महाराष्ट्रात आणि गुजरातेत ज्येष्ठ पौर्णिमेला, उत्तर भारतात आणि ओडिशात ज्येष्ठ अमावास्येला हे व्रत होते. तमिळनाडूत सावित्रीच्या नावाचेच कारडैयान नोन्बू हे व्रत मासी आणि पंगुनी या महिन्यांच्या सांध्यावर येते आणि तिथे वडाऐवजी गळ्यात पिवळा दोरा बांधतात. मराठी मुलखात त्या दिवशी सुवासिनी नऊवारी किंवा ठेवणीतली साडी नेसून, नथ घालून वडाकडे जातात. बुंध्याला हळदकुंकू वाहतात, आंबा, फणसाचे गरे, करवंदे असे त्या दिवसांतले फळ ठेवतात, पांढऱ्या सुताचे वेढे घालत सात फेरे घेतात आणि जन्मोजन्मी हाच पती मिळो अशी प्रार्थना करून एकमेकींना वाण देतात, ओट्या भरतात. शहरात बाजारातून आणलेली वडाची फांदी पाटावर ठेवून किंवा यम, रेडा, निजलेला सत्यवान आणि हात जोडलेली सावित्री असे छापील चित्र भिंतीला लावूनही पूजा उरकते. या चित्रात सावित्रीचे हात जोडलेले असतात, तोंड मिटलेले असते. ज्या बोलण्याने ती जिंकली ते चित्रातून गळाले आहे, आणि या नावाच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे नुकसान आहे असे म्हणावे लागते. वर्षातून एकदा बायकांना एकत्र येण्याची, उंबरठ्याबाहेर पडण्याची संधी या व्रताने दिली, हे खरे आणि ते कमी लेखू नये; पण ज्या सावित्रीच्या नावाने त्या जमत होत्या तिचे संभाषण त्यांना कोणी वाचायला दिले नव्हते.

पुराणांत सावित्रीचे आणखी एक रूप आहे, आणि ते मराठी भूगोलात आजही वाहते आहे. ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला, पत्नी सावित्रीला यायला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवले आणि अपमानित सावित्रीने देवांना शाप दिला, अशी ही कथा पद्मपुराणात पुष्करच्या संदर्भात येते. तिथे टेकडीवर सावित्रीचे वेगळे देऊळ आहे. हीच कथा सह्याद्रीतही सांगतात आणि त्या शापामुळे देवांच्या नद्या झाल्या असे मानतात. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री यांचे उगम दाखवले जातात. पहिल्या तिघी पूर्वेकडे जातात, सावित्री पश्चिमेला उतरून पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. आपल्या जागेवर दुसरीला बसवल्याबद्दल संतापलेली, भर यज्ञात बोलणारी ही सावित्री व्रतकथेतील सावित्रीइतकीच जुन्या परंपरेची आहे, पण तिच्या नावाने कोणी उपवास धरत नाही.

मध्ययुगीन मराठी मुलखात हे नाव सर्व थरांत पोचले ते कीर्तन, पुराणवाचन आणि स्त्रीगीते यांच्या वाटेने. मोरोपंतांनी बायकांना गाता यावीत म्हणून जी गीते रचली त्यांत सीतागीताबरोबर सावित्रीगीतही आहे. शिवाजी महाराजांच्या दक्षिण दिग्विजयाहून परतताना मराठ्यांच्या फौजेला कर्नाटकात बेलवडीच्या गढीवर जिने दाद दिली नाही त्या देसाईणीचे नाव मराठी साधनांत सावित्रीबाई असे येते; कन्नड परंपरा तिला मल्लम्मा म्हणून ओळखते. हातात शस्त्र घेतलेली ही सावित्री लोकांच्या स्मरणात फारशी राहिली नाही, ती वटपौर्णिमेच्या चित्रात बसत नव्हती म्हणूनही असेल.

या अरुंद अर्थाला पहिला जोरकस धक्का छापील मराठीतून बसला. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले आणि त्यात सावित्रीच्या कथेला एक साधा प्रश्न घातला: पतीचे प्राण आणायला सावित्री यमापर्यंत गेली, पण पत्नीचे प्राण आणायला त्या वाटेवर चार पावले तरी गेलेला पुरुष कोणी ऐकला आहे काय? या प्रश्नाने सावित्री लहान झाली नाही. तिला एकटीलाच आदर्श बनवणारी व्यवस्था मात्र उघडी पडली. बुलढाण्यात राहणाऱ्या, सत्यशोधकी वातावरणात वाढलेल्या बाईने तो विचारावा हेही स्वाभाविक होते, कारण त्याआधी तीन दशकांहून अधिक काळ पुण्यात दुसरी एक सावित्री या नावाला वेगळा अर्थ देत होती.

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली त्यांचे जोतीराव फुले यांच्याशी लग्न झाले, घरी आणि नंतर मिशनरी शिक्षिकांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात निघालेल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. माळी कुटुंबातली म्हणून शूद्र आणि शिवाय स्त्री, अशा दोन्ही बाजूंनी सावित्री ऋचेपासून दूर ठेवलेल्या या मुलीला नाव मात्र त्या ऋचेचेच होते. तिने त्या ऋचेचा अधिकार मागितला नाही. तिने आणि जोतीरावांनी त्याहून मूलगामी गोष्ट केली: मंत्राच्या जागी अक्षर ठेवले. मुंजीत जे एका मुलाच्या कानात, कापडाच्या आड, हळू आवाजात सांगितले जाई, त्याच्या जागी फळा, पाटी आणि मोठ्याने म्हणायची बाराखडी आली. आणि ती ज्यांना मनाई होती त्यांच्यासाठीच आली. ‘सवितृ’ म्हणजे चालना देणारा हा जुना अर्थ धरून सावित्रीबाईंचे गुणगान करण्याची पद्धत आहे, पण त्यांचे मोठेपण त्या अर्थावर अवलंबून नाही. त्यांनी नावाचा अर्थ वारशात घेतला नाही, तो कामाने बदलला.

पुढचे सारे आयुष्य त्या बदलाला पुष्टी देते. १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला. फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तिथे जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले. नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीराव वारले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे अग्नी नेण्याचे मातीचे मडके, सावित्रीबाईंनी धरले. ज्या कृत्याचा अधिकार केवळ पुरुषाचा मानला जाई ते पत्नीने केले, आणि तेही पतीला यमाकडून परत मागून नव्हे तर त्याचा मृत्यू स्वीकारून, त्याचे काम पुढे चालवण्यासाठी. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. महाभारतातील सावित्री पतीच्या प्राणांसाठी मृत्यूमागे गेली. ही सावित्री परक्या, अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या प्राणांसाठी मृत्यूच्या जवळ गेली. दोघींची तुलना करताना एकीला काळ्या आणि दुसरीला पांढऱ्या रंगात रंगवणे अन्यायाचे होईल, पण कोणती अधिक दूर गेली याविषयी संशय राहू नये.

तरी समाजाने हा नवा अर्थ लगेच स्वीकारला असे नाही. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात ‘सावित्री’ म्हटले की सत्यवानच आठवे. दादासाहेब फाळके यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एक, १९१४ चा ‘सत्यवान सावित्री’, हाच विषय घेऊन निघाला. बोलण्यात तर ‘सती-सावित्री’ हा जोडशब्द टोमण्याचा झाला. ‘मोठी सती-सावित्री लागून गेली’ असे म्हणून एखादीच्या चारित्र्यावर शंका घ्यायची, ही सवय अजून सुटलेली नाही. सावित्रीबाई फुले यांच्या सुरुवातीच्या चरित्रांनासुद्धा शीर्षकात ‘सती’, ‘साध्वी’ अशी विशेषणे लावावीशी वाटली, यावरून जुन्या अर्थाची पकड किती घट्ट होती हे कळते. साहित्यात त्या पकडीतून हे नाव सोडवण्याचा देखणा प्रयत्न पु. शि. रेगे यांनी १९६२ च्या ‘सावित्री’ या पत्ररूप कादंबरीत केला. तिथली सावित्री कोणाच्या प्राणांची राखण करत बसत नाही, ती स्वतःच्या अनुभवाचा शोध घेते आणि तो पत्रांतून सांगते.

सार्वजनिक जीवनात बदल झाला तो गेल्या चार-पाच दशकांत, सत्यशोधक, आंबेडकरी आणि स्त्रीवादी चळवळींच्या रेट्याने. १९८८ साली सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय मा. गो. माळी यांच्या संपादनाखाली राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, १९९८ साली टपाल तिकीट निघाले, २०१४ साली पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले, ३ जानेवारी हा दिवस शाळाशाळांतून साजरा होऊ लागला. ‘सावित्रीच्या लेकी’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला की, त्यात सत्यवानाची आठवण आता कोणाला येत नाही. ‘साऊ’, ‘सावित्रीमाई’ ही लाडाची आणि आदराची रूपे सभांतून ऐकू येतात. एखाद्या नावाचा लोकमानसातला अर्थ दोन पिढ्यांत इतका पालटावा, हे मराठीत दुर्मीळ आहे.

आणि नेमक्या याच काळात मुलींना सावित्री नाव ठेवणे लोकांनी जवळजवळ सोडून दिले. आजच्या मराठी शाळेच्या हजेरीपटावर आराध्या, अन्वी, स्वरा, सई, आर्या भेटतात. सावित्री भेटली तर ती बहुधा एखाद्या मुलीची आजी किंवा पणजी असते. याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. एक कारण घरातल्या रीतीत आहे. पूर्वी वारलेल्या आजीचे नाव नातीला ठेवण्याची पद्धत होती, पण सुनेने सासूचे नाव तोंडाने घ्यायचे नाही हाही दंडक होता. त्यामुळे बारशाला आत्येने पाळण्यात वाकून कानात ‘सावित्री’ सांगितले तरी रोजच्या हाकेला सावी, साऊ, ताई, बेबी असे काहीतरी चाले आणि पाळण्यातले नाव कागदापुरते उरे. दुसरे कारण लग्नातले. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचे नवे नाव लिहायचे, या रीतीमुळे बापाच्या घरी आवडीने ठेवलेले नाव एका संध्याकाळी पुसले जाई. रमाबाई रानडे आणि डॉ. आनंदीबाई जोशी या दोघींचेही माहेरचे नाव यमुना होते, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. नाव कायमचे आपले असते ही खात्रीच बाईला नव्हती.

तिसरे कारण भाषेच्या फॅशनचे आहे आणि त्यात एक गमतीचा व्याकरणप्रकार दडला आहे. ‘सविता’ हे संस्कृतात त्या पुल्लिंगी देवाचेच प्रथमेचे रूप. पण शेवटचा आकार ऐकून आधुनिक भारतीय भाषांनी ते मुलीचे नाव करून टाकले आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर ते ‘सावित्री’पेक्षा सुटसुटीत, शहरी वाटू लागले. १९४८ साली डॉ. शारदा कबीर यांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी लग्न झाल्यावर त्या सविता आंबेडकर झाल्या. पुढे सविताही जुनी वाटू लागली आणि दोन अक्षरी नावांची लाट आली. या प्रवाहाच्या उलट जाणारे एक उदाहरण मात्र मनात ठेवण्यासारखे आहे: स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह इव्होन मादे द मारो यांनी १९३२ साली विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला, त्या सावित्रीबाई खानोलकर झाल्या, संस्कृत आणि वेदपुराणे शिकल्या, आणि इंद्राच्या वज्राची आकृती घेऊन परमवीर चक्राचा नमुना त्यांनीच तयार केला. परदेशातून आलेल्या बाईला जे नाव मोलाचे वाटले ते इथल्या घरांना जड वाटू लागले होते. दूर जावा-बालीत ‘सावित्री’ आजही मुलींचे चालते नाव आहे.

पण सर्वांत महत्त्वाचे कारण याहून खोल आहे, आणि ते मान्य करायला हवे. मराठी समाजाने सावित्री हे नाव आदराने वर उचलून फलकावर, विद्यापीठाच्या कमानीवर, योजनांच्या मथळ्यावर ठेवले आणि त्याच हाताने ते पाळण्यातून काढले. एका बाजूला टोमण्यातली सती-सावित्री, दुसऱ्या बाजूला पुतळ्यातली क्रांतिज्योती. या दोहोंच्या मध्ये खेळणारी, चुकणारी, गृहपाठ न करणारी सावित्री नावाची साधी मुलगी उरली नाही. आदर्श फार मोठा झाला की तो मुलीच्या खांद्यावर ठेवायला आईबाप कचरतात, असे समर्थन दिले जाते. ते टिकत नाही, कारण शिवाजी, तुकाराम, ज्ञानेश्वर ही नावे मुलांना ठेवताना मराठी बाप कधीच कचरलेला नाही. मुलाला थोर पुरुषाचे नाव साजते आणि मुलीला मात्र गोड, लहान, नाजूक अर्थाचे नाव हवे, ही निवड आपोआप होत नाही. तीही स्त्रीविषयीच्या जुन्या कल्पनेतूनच येते.

ज्या सातारा जिल्ह्यात नायगाव आहे त्याच जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये जिल्हा परिषदेने एक समारंभ घेतला. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना ‘नकुशा’ किंवा ‘नकोशी’ असे नाव देण्याची रूढी तिथे होती. अशा २८० हून अधिक मुलींना त्या दिवशी नवी नावे आणि त्यांची प्रमाणपत्रे मिळाली. सावित्रीबाईंच्या जन्मानंतर १८० वर्षांनी त्यांच्याच जिल्ह्यात मुलींना साधे, हवेसे वाटेल असे नाव मिळवून द्यायला सरकारी कार्यक्रम करावा लागला, यावरून नाव ही किती खरी, रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे हे ध्यानात यावे. म्हणून ज्यांना सावित्रीबाईंविषयी खरोखर आदर आहे अशा मराठी आईबापांना एवढेच सांगायचे आहे की, सभागृहांना नावे देण्याचे काम सरकार करीलच. येत्या बारशाला आत्येला पाळण्यावर वाकून ‘सावित्री’ हे नाव सांगू द्यावे, आणि त्या मुलीला घरात, शाळेत, मैदानावर त्याच नावाने, ते आखूड न करता, हाक मारावी.